स्पोर्ट्स कारचे टायर बदलताय? ‘आहे ते बसवा’ म्हणू नका

स्पोर्ट्स कारवर चुकीचे टायर चढतात त्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे उशीर. मे संपत येतो, मागच्या टायरची आतली कड पार गुळगुळीत झालेली दिसते आणि मग फोनाफोनी सुरू होते. दुकानदार म्हणतो, ‘हा साइज सध्या नाही, जवळचा आहे, बसवून टाकू?’ गाडी दारात उभी, पाऊस तोंडावर. आपण हो म्हणतो.

जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं मोटारींच्या नव्या टायरची आयात परवान्याखाली आणली. रोजच्या गाड्यांचे टायर इथेच बनतात, त्यामुळे त्यांच्या मालकांना फारसं काही जाणवलं नाही. पण पोर्शे ९११ कॅरेरा एसला मागे लागणारा ३०५/३० आर २१ कोपऱ्यावरच्या दुकानात कसा असेल? असे टायर नोंदवून मागवावे लागतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच टायरच्या खाचांची खोली मोजा, आणि आतली कड हातानं चाचपा. या गाड्यांच्या चाकांना कॅम्बर, म्हणजे वरच्या बाजूनं आत झुकलेला कोन, जास्त असतो, त्यामुळे बाहेरून टायर छान दिसत असताना आतून संपलेला असू शकतो.

आता त्या ‘जवळच्या’ साइजबद्दल. पोर्शे ७१८ केमनचं १९ इंची चाक घ्या: पुढे २३५/४०, मागे २६५/४०. पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. खड्ड्यांना कंटाळून कुणीतरी मागे २६५/४५ घालतं, म्हणजे भिंत जाड होईल. होते खरी, पण टायरचा व्यास साधारण ६९५ मिलिमीटरवरून ७२१ वर जातो, पुढचा मात्र ६७१ वरच राहतो. एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्यातला फरक बघून निर्णय घेतात. तो हिशेबच बिघडला की ऐन वळणावर यंत्रणा नको तेव्हा मध्ये पडू शकते, हवी तेव्हा उशीर करू शकते. फोर व्हील ड्राइव्ह गाडीत तर हा ताण थेट गिअरच्या भागांवर येतो.

जाड भिंत हवीच असेल तर त्याचा सरळ रस्ता आहे. साध्या ७१८ केमनला कंपनीचीच १८ इंची चाकं बसतात: पुढे २३५/४५, मागे २६५/४५. व्यास मोजून बघा, पुढे ६६९ आणि मागे ६९६, म्हणजे १९ इंचीच्या अगदी जवळ. रबर जाड, रिम वाकायची भीती कमी. दिसायला १९ इंची जास्त रुबाबदार, मान्य; पण पावसाळ्यातल्या आपल्या रस्त्यांवर मी १८ इंचीच घेईन. एस किंवा त्यावरच्या मॉडेलचे ब्रेक मोठे असतात, तिथे लहान रिम बसते का हे आधी विचारा.

साइजच्या पुढे ९८वाय असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला ९८ म्हणजे टायर ७५० किलो भार पेलतो, वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंत टिकतो. ‘समृद्धी महामार्गावर १२० ची मर्यादा, मग वाय कशाला?’ हा प्रश्न चुकीचा नाही. पण वरच्या वेगाच्या टायरची बांधणी उष्णता झेलायला केलेली असते, आणि भर उन्हात काँक्रीटवर तासन्‌तास पळताना तीच कामी येते. भाराचा आकडा तर कधीच खाली आणू नका.

पोर्शेच्या टायरवर एन० किंवा एन१, बीएमडब्ल्यूच्या टायरवर तारा, मर्सिडीजच्या टायरवर एमओ अशी खूण असते. म्हणजे तो टायर त्या कंपनीच्या गाड्यांवर तपासून मान्य केलेला आहे. वॉरंटी चालू असेल तर खूण सोडू नका. गाडी जुनी असेल आणि खुणेचे चार मिळत नसतील, तर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे चार चांगले टायर बरे. पुढे एक ब्रँड, मागे दुसरा, हे मात्र नको. पकड वेगवेगळी असली की ओल्या घाटात पुढचं टोक एक करतं आणि मागचं दुसरंच. रनफ्लॅट (हवा गेल्यावरही थोडं अंतर चालणारे) आणि साधे यांची सरमिसळही नको.

सर्वांत महागात पडणारी हौस म्हणजे ट्रॅकचे टायर रस्त्यावर वापरणं. मिशलिनचा कप २ किंवा पिरेलीचा ट्रोफिओ आर कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर कोरड्यात अफलातून चिकटतात. पण त्यांच्या खाचा कमी असतात. जुलैत खंडाळ्याला रस्त्यावर पाणी साचलं की ते बाहेर फेकायला वाटच उरत नाही आणि टायर पाण्यावर तरंगतो. रुंद टायरला हा धोका मुळातच जास्त, कारण त्याला जास्त पाणी सारावं लागतं. कायद्यानं १.६ मिलिमीटर खोली चालते. मी अशा गाडीचे टायर तीनवर आले की पावसाळ्यापूर्वीच बदलेन.

विकत घेताना दोन गोष्टी स्वतः बघा. पहिली म्हणजे बनावटीची तारीख: टायरच्या भिंतीवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे २२२३ असतील तर तो टायर २०२३ च्या बाविसाव्या आठवड्यातला. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, म्हणून बसवायच्या आधी बघा. दुसरी, आयएसआयची खूण. ती नसेल आणि भाव भलताच कमी असेल, तर माल कुठल्या वाटेनं आला हे विचारायलाच हवं.

टायर बसल्यानंतरच्या तक्रारी बहुतेक साध्या निघतात. ८०-१०० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंग पुन्हा करा. गाडी बरेच दिवस उभी होती आणि पहिली काही किलोमीटरच थरथरून थांबली, तर टायर एका जागी दबला होता, गरम झाल्यावर सुटला. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट बघा. ते जमलेलं असूनही ओढत असेल, तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा, मात्र फिरण्याची दिशा ठरलेले टायर असतील तर हे करता येत नाही. मागचं टोक हललं तर घाबरू नका, नवीन रबर गुळगुळीत असतं; पहिले दोनेकशे किलोमीटर दमानं चालवा.

आणि हवा भरणाऱ्याच्या ‘पस्तीस टाकू का?’ या प्रश्नाला मान डोलावू नका. पुढची-मागची हवा वेगळी असते, आकडे दाराच्या चौकटीवर असतात, टायर थंड असताना भरा. चाकाचे बोल्ट गननं आवळू देऊ नका, ठरलेल्या जोरानं आवळणारा टॉर्क पाना मागा. ७१८ ला १६० न्यूटन-मीटर लागतात.