टीव्हीच्या जुन्या वायरीवरून इंटरनेट

जळगाव-धुळ्याकडच्या जाड भिंतींच्या जुन्या घरांत वरच्या खोलीत वायफाय धड पोचत नाही. भिंत फोडू नका. केबल टीव्हीची कोॲक्स वायर आधीच टाकलेली असेल, तर तिच्या दोन्ही टोकांना मोका २.५ अडॅप्टर (कोॲक्स वायरीवरून इंटरनेट नेणारी छोटी पेटी) लावा. एक राउटरला जोडा, दुसरा कॉम्प्युटरला. केबल टीव्हीही चालू राहतो. डीटीएचच्या छत्रीची वायर असेल तर मात्र छत्री आधी सोडवा.

घोळ बहुतेक वेळा स्प्लिटर (एका वायरीच्या अनेक वाटा करणारी डबी) घालतो. जुना १००० मेगाहर्ट्झपर्यंतचाच असतो, मोकाला लागतात ११२५ ते १६७५. म्हणून ‘५-१६७५’ छापलेलाच घ्या. आपल्या उन्हात गच्चीवरच्या वायरीचं आवरण तडकतं. आतली तार काळी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवा एफ-कनेक्टर (वायरीच्या टोकाला लागणारा धातूचा जोड) बसवा. बाहेरची केबल घरात शिरते तिथे मोका फिल्टर (मोकाचा सिग्नल घरातच अडवणारा छोटा जोड) हवाच, नाहीतर तुमचं नेटवर्क शेजारच्या घरात जाऊ शकतं.