पौषात घराच्या व्यवहाराची तयारी

पौषात मुहूर्त नाही म्हणून अनेक जण फ्लॅटचा व्यवहार थांबवतात. हे दिवस कागदपत्रांना द्या. विकणाऱ्यांनी आधीच्या सगळ्या करारांची साखळी, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या कराराचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीतल्या सभासदत्वाचा दाखला) आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला जमवावा. साखळीतला एक जुना करार गहाळ असला तरी घेणाऱ्याचं कर्ज अडकतं. दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत आताच काढा.

घेणाऱ्यांनी वकिलाचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा तपासल्याचा अहवाल) पाहूनच बयाणा द्यावा. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल, तर 1 टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या रकमेतून आधीच कापायचा आयकर) खरेदीदारानेच कापून भरायचा. विक्रेता अनिवासी असेल तर नियम वेगळे. आणि बाथरूमच्या मागची भिंत जरूर बघा. थंडीत ओल सुकलेली असू शकते, पण नुकताच रंगवलेला एकच कोपरा लपवलेली गळती सांगू शकतो.