नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटाविषयी मत कसे मांडावे

चित्रपट पाहून झाल्यावर लगेच निकाल देण्याची घाई करू नये. एक रात्र जाऊ द्यावी आणि दुसऱ्या दिवशी कोणते दृश्य आपोआप आठवते, ते आधी टिपून ठेवावे. मताची सुरुवात त्या दृश्यापासून करावी. ‘छायाचित्रण सुंदर आहे’ एवढेच म्हटल्याने ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. परंतु कॅमेरा पात्राच्या चेहऱ्यावर किती वेळ थांबला, पार्श्वसंगीत नेमके कुठे बंद झाले आणि त्या शांततेने आपल्यावर काय परिणाम केला, हे सांगितले की मतभेद असणाऱ्यालाही बोलायला आधार मिळतो. संकलनाकडे, म्हणजे दृश्ये कापून जोडण्याच्या कामाकडे, तर माझ्या मते प्रेक्षकांचे फारच कमी लक्ष जाते.

कथेतील रहस्य मात्र जपावे. 1960 साली ‘सायको’ प्रदर्शित झाला, तेव्हा खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, असा आग्रह त्याचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी धरला होता. शेवटाविषयी बोलणे अपरिहार्यच असेल, तर समोरच्याने चित्रपट पाहिला आहे का, हे आधी विचारावे. चित्रपट आवडला नसल्यास तो नेमका कोणत्या प्रसंगापासून हातातून निसटला, हे स्पष्ट सांगावे.