प्लेटमधल्या क्रॅकचं अ‍ॅनालिसिस: या चुका टाळा

संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाण्याकडच्या डिझाइन ऑफिसांत साखर कारखान्याच्या नाहीतर प्रेसच्या प्लेटचं काम आलं, की अ‍ॅनालिसिसच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रॅकच्या टोकाशी लाल दिसणारा स्ट्रेसचा आकडा उचलून 'प्लेट फेल' असा रिपोर्ट जातो. तो आकडा प्लेटचा नसतोच, मेशचा असतो, म्हणजे सॉफ्टवेअर प्लेटचे जे छोटे तुकडे (एलिमेंट) करतं त्यांच्या जाळीचा. इलास्टिक हिशेबात टोकाशी स्ट्रेस अनंताकडे जातो. एलिमेंट निम्मं केलं की आकडा साधारण 1.4 पट होतो, पुन्हा निम्मं करा, पुन्हा तेच. बघायचा तो स्ट्रेस इंटेन्सिटी फॅक्टर, म्हणजे 'के': टोकाजवळचा स्ट्रेस एकूण किती तीव्र आहे ते सांगणारा आकडा.

सॉफ्टवेअरचा रन लावण्याआधी 'के'चं उत्तर कागदावर काढा. 200 मिमी रुंद प्लेट, मधोमध 10 मिमीचा आरपार क्रॅक, 100 मेगापास्कल ओढ. सूत्रात अर्धी लांबी ('ए') जाते, 5 मिमी. 100 × √(3.14 × 5), म्हणजे 396 मेगापास्कल√मिमी. हातानं काढताना 560 आलं, तर पूर्ण लांबी घातलीय. सॉफ्टवेअरनं 280 दिलं, तर बहुतेक सिमेट्रीचं अर्धं मॉडेल घेतलंय आणि जे-इंटिग्रल (टोकाभोवतीच्या वाटेवर मोजलेली ऊर्जा, जिच्या वर्गमुळावरून 'के' निघतो) दुप्पट करायचं राहिलंय. मटेरियलची टफनेस, म्हणजे ते किती 'के' सोसतं तो आकडा, मीटरच्या युनिटमध्ये मिळते. तिथे हेच 396 म्हणजे 12.5 मेगापास्कल√मीटर. हा फरक विसरलात तर 31.6 पटींचा घोटाळा.

टोकाभोवती क्वार्टर-पॉइंट एलिमेंट वापरा: एलिमेंटच्या कडेवरचा मधला नोड (बिंदू) टोकाकडे पाव अंतरावर सरकवायचा. हे 1975-76 पासून माहीत आहे, तरी टाळलं जातं. जे-इंटिग्रलचा पहिला कॉन्टूर, म्हणजे टोकाच्या सगळ्यात जवळची वाट, सोडा. पुढचे आपसात जुळायला हवेत.

टोकाशी काहीच दिसत नसेल, तर 'मर्ज नोड्स' या कमांडनं दोन्ही बाजूंचे नोड जोडून क्रॅकच शिवून टाकलाय. लोड दाबाचा असेल तर क्रॅकच्या दोन्ही बाजूंना कॉन्टॅक्ट (एकमेकींना टेकून अडतात ही अट) द्या, नाहीतर त्या एकमेकींत घुसतात आणि 'के' उणे येतो.

थ्रीडीचा हट्ट साध्या आरपार क्रॅकला नको. एप्रिलात लाइट गेली की रात्रभराचा रन गेलाच.

आणि क्रॅक फारच लहान असेल तर सावध. 250 मेगापास्कल यील्डच्या (त्यापुढे कायमची वाकणाऱ्या) प्लेटवर 200 मेगापास्कल आणि 'ए' अर्धा मिमी असेल, तर टोकाशी कायमचा ताणला गेलेला भाग, प्लास्टिक झोनच, सुमारे 0.3 मिमी भरतो. तिथे 'के' लावू नका, इलास्टिक-प्लास्टिक रन घ्या.