वर्डप्रेसची खाती सांभाळताना या चुका टाळा

वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट बनवायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर. त्यात नोकरी सोडलेल्या माणसाचं खातं घाईघाईत डिलीट करणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

इतवारीतल्या एका साडी दुकानाच्या साइटवर हेच झालं. पानं आणि फोटो टाकणारा पोरगा काम सोडून गेला. त्याच संध्याकाळी मालकांनी यूजर्समध्ये जाऊन त्याचं खातं काढलं. वर्डप्रेसने नेहमीप्रमाणे विचारलं, याच्या मजकुराचं काय करायचं? त्यांनी 'डिलीट ऑल कंटेंट' निवडलं. पानं ट्रॅशमध्ये गेली. तिथे ती ३० दिवस राहतात, म्हणून परत आली. फोटोंना मात्र ट्रॅश नसतो, सेटिंग मुद्दाम बदललेलं नसेल तर फायली सर्व्हरवरूनच जातात. पानं उघडली तर साड्यांच्या जागी रिकाम्या चौकटी! होस्टिंगचा बॅकअप होता म्हणून अपलोड्सचं फोल्डर परत मिळालं.

खातं काढायची घाई करूच नका. आधी रोल, म्हणजे साइटवर काय करता येईल ते ठरवणारा दर्जा, काढून 'नो रोल फॉर धिस साइट' करा, मग पासवर्ड बदला. त्याच्या प्रोफाइलमधले ॲप्लिकेशन पासवर्ड, म्हणजे बाहेरच्या ॲप्सना साइटशी जोडायला दिलेले पासवर्ड, वेगळे रद्द करा. वर्डप्रेस ५.६ पासून ही सोय आहे आणि मुख्य पासवर्ड बदलला तरी ते चालूच राहतात. सेटिंग्ज, जनरलमध्ये साइटचा ईमेल त्याचाच आहे का, तेही बघा. यानंतरही खातं काढायचंच असेल तर 'ॲट्रिब्यूट ऑल कंटेंट टू' निवडून मजकूर दुसऱ्याच्या नावावर करा.

दुसरी चूक, सरसकट सगळ्यांना ॲडमिनिस्ट्रेटर करणं. बहुतेक वेळा सुरुवात अशी होते: काँट्रिब्यूटर म्हणतो, "फोटो चढवता येत नाही, भाऊ," आणि त्याला थेट ॲडमिन मिळतो. काँट्रिब्यूटरला फोटो चढवायची आणि प्रकाशित करायची परवानगी नसतेच. त्याला ऑथर करा, काम भागतं. 'पेजेस' किंवा इतरांच्या पोस्ट सुधारायच्या असतील तर एडिटर. ॲडमिन दोघेच पुरे, मालक आणि देखभाल करणारा. ॲडमिनला प्लगिन, म्हणजे साइटला जोडायचं जादा सॉफ्टवेअर, टाकता येतं, म्हणजे साइटवर कुठलाही कोड चालवता येतो. दोन मिनिटं वाचवायला हा अधिकार वाटणं मला अजिबात पटत नाही.

एकच पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून पाच जणांनी वापरू नका, कोणी काय बदललं ते कळत नाही. 'एनीवन कॅन रजिस्टर' ही सेटिंग गरज नसेल तर बंद, चालू असेल तर नव्या खात्याचा डीफॉल्ट रोल सबस्क्राइबरच, म्हणजे सगळ्यात कमी अधिकाराचा. सर्व्हरवरच्या परवानग्यांचे आकडे: फोल्डरला ७५५, फायलींना ६४४. अडलं म्हणून ७७७, म्हणजे कोणालाही काहीही बदलायची मुभा, कधीच नाही.

साइट हलवल्यावर लॉगिन होतं, पण डॅशबोर्ड 'तुम्हाला परवानगी नाही' म्हणतो? डेटाबेसमधल्या टेबलांचा प्रीफिक्स, म्हणजे नावाच्या सुरुवातीचा ठरावीक भाग, बदललाय का बघा. बदलला असेल तर ऑप्शन्स टेबलातली 'यूजर_रोल्स'ने संपणारी नोंद आणि यूजरमेटामधली 'कॅपॅबिलिटीज'ने संपणारी नोंद, दोन्हींना नवा प्रीफिक्स द्या. त्याआधी डेटाबेसचा बॅकअप घ्या.