‘काही नाही’ म्हणण्याआधी
जोडीदार विचारतो, “काय झालं?” आणि तोंडातून निघतं, “काही नाही.” कित्येकांना आत काय चाललंय तेच खरोखर उमगत नाही. मानसशास्त्रात याला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात. तो आजार मानला जात नाही, कमी-अधिक प्रमाणात अनेकांत असतो. अशा वेळी भावनेचं नाव शोधत बसू नका, आधी शरीराचं सांगा: “तू फोन उचलला नाहीस तेव्हापासून जबडा आवळलाय, पोटात गोळा आलाय.” कधीपासून, हे जोडलं की राग आहे की काळजी, ते बरेचदा उलगडतं. नाहीच उलगडलं तर “रात्री जेवल्यावर बोलू” म्हणा, आणि खरंच बोला. समोरच्यानेही कृपा करून “बोल ना पटकन” असा तगादा लावू नये, “राग आलाय की वाईट वाटलंय?” असं विचारलं तर उत्तर देणं सोपं जातं.