आधी करारनामा, मग सिद्धान्त

आंतरराष्ट्रीय संबंधांत सुरक्षा, युती किंवा प्रादेशिक सहकार्य यांपैकी काही घेऊन एम.ए. किंवा पीएचडी करणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असतं, की आधी करारनामे वाचा. बातम्या नंतर, सिद्धान्त त्याच्याही नंतर. वडोदऱ्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकताना आमच्या हातात सिद्धान्त आधी आले, तसे ते बहुतेक ठिकाणी येतात. पण विषयाची गोडी मला खरी लागली ती मूळ तह कलमावार वाचायला घेतले तेव्हा.

करार वाचताना मी तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसते. मदत कधी द्यायची, ते एका रंगात. काय द्यायचं, ते दुसऱ्या. आणि वेळ आली की नाही हे ठरवणार कोण, ते तिसऱ्या. तिसरा रंग फार महत्त्वाचा, कारण बहुतेक युतींचं मर्म तिथेच असतं.

दांडिया बाजारात आमच्या घरी काही मुलं-मुली वाचायला बसतात. नाटोचा, म्हणजे उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या देशांच्या लष्करी युतीचा, करार समोर होता. ४ एप्रिल १९४९चा हा करार, वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी केलेला. एका मुलीने पाचवं कलम रंगवलं आणि थांबली. "ताई, एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला, हे आहे. पण सैन्य पाठवलंच पाहिजे असं कुठे आहे?" मी म्हटलं, पुढचं वाक्य वाच. तिथे लिहिलंय की प्रत्येक देश त्याला आवश्यक वाटेल ती कारवाई करील, सशस्त्र बळाचा वापरही त्यात आला. आवश्यक वाटेल ती! म्हणजे ठरवणार ज्याचा तो. अमेरिकेच्या सिनेटला आपोआप युद्धात ओढणारं कलम चाललं नसतं, म्हणून मसुद्यात ही जागा मोकळी ठेवली गेली. हे कलम आजवर एकदाच लागू झालं, ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर.

त्याच्या लगेच पुढचं सहावं कलम फारसं कुणी वाचत नाही. आपण मराठी माणसांनी तर वाचायलाच हवं. करार कोणत्या प्रदेशाला लागू, हे त्यात आहे: युरोप, उत्तर अमेरिका, आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडचा उत्तर अटलांटिक. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य. डिसेंबर १९६१मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा नाटो पोर्तुगालच्या मदतीला का आलं नाही, याचं कायदेशीर उत्तर या एका कलमात आहे. गोवा त्या चौकटीत बसतच नव्हता. पोर्तुगाल सुरक्षा परिषदेत गेला, तिथे सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला. इंग्लंडबरोबरची त्यांची मैत्री तर चौदाव्या शतकापासूनची. त्या जुन्या तहांचाही उपयोग झाला नाही. कागदावरची युती आणि वेळेला उभी राहणारी युती यांत किती अंतर असतं, हे शिकवायला यापेक्षा जवळचं उदाहरण माझ्याकडे नाही.

दुसरा कागद ९ ऑगस्ट १९७१चा भारत-सोव्हिएत करार. दिल्लीत दोन्ही देशांचे परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि ग्रोमिको यांनी सही केलेला. यातलं नववं कलम वाचा. एका देशावर हल्ला झाला किंवा हल्ल्याचा धोका निर्माण झाला, तर दोघे ताबडतोब सल्लामसलत करतील आणि योग्य ती परिणामकारक पावलं उचलतील. संरक्षणाची हमी म्हणावी तर नाही, नुसती मैत्री म्हणावी तर तेवढीही नाही. भारताने अलिप्ततावाद सोडला की नाही, या प्रश्नावर आजही वर्गात तासभर वाद होतो आणि तो झाला पाहिजे. पण वाद नवव्या कलमावर बोट ठेवून करावा. ऑक्टोबर १९७१मध्ये सोव्हिएत उपपरराष्ट्रमंत्री फिर्युबिन दिल्लीत आले ते याच कलमाखालच्या चर्चेसाठी, हे कळल्यावर कोरडं वाटणारं कलम हलायला लागतं.

तिसरा कागद आपल्या गावचा, गायकवाड आणि इंग्रजांचा १८०५चा तह. बडोद्यात शिकणाऱ्याने तो वाचला नाही तर मला खरोखर वाईट वाटतं.

गोविंदराव गायकवाड १८०० साली वारले. आनंदराव गादीवर आले, पण राज्य त्यांच्या हातात नव्हतं. घराण्यातलेच कडीचे मल्हारराव उलटले होते, शहरात अरब शिबंदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, थकलेल्या पगारासाठी अडून बसली होती. दिवाण रावजी आप्पाजींनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. १८०२मध्ये मेजर वॉकर फौज घेऊन आला, त्या वर्षाच्या अखेरीस अरबांना शहराबाहेर काढलं गेलं, आणि एप्रिल १८०५मध्ये पक्का तह झाला. तीन हजार पायदळ आणि युरोपियन तोफखान्याची तुकडी इंग्रजांनी ठेवायची. त्यांच्या खर्चासाठी ११ लाख ७० हजार रुपये वसुलाचा मुलूख गायकवाडांनी तोडून द्यायचा. परराष्ट्रव्यवहार इंग्रजांच्या हाती, पेशव्यांशी असलेल्या तंट्यांचा निवाडाही त्यांच्याच हाती.

आता तिन्ही पेन्सिली लावून बघा. तिसरा रंग सगळा एकाच बाजूला जातो.

इथे सिद्धान्त कामाला येतो, आणि आता तो परका वाटत नाही. युतींचे अभ्यासक स्टीफन वॉल्ट १९८७मध्ये म्हणाले, की देश नुसत्या ताकदीविरुद्ध नाही तर धोक्याविरुद्ध एकत्र येतात. अंतर, हेतू, हल्ल्याची क्षमता हे सगळं त्यात मोजलं जातं. पण रावजी आप्पाजींचा धोका तर घरातलाच होता! स्टीव्हन डेव्हिड यांनी १९९१मध्ये नेमकं हे मांडलं: अनेक देशांत सत्ताधाऱ्याला बाहेरच्या शत्रूइतकाच किंवा त्याहून जास्त घरातल्या विरोधकाचा धोका असतो, आणि मित्र निवडताना तो आपली गादी सांभाळतो. डेव्हिड यांचं लिखाण शीतयुद्धातल्या तिसऱ्या जगाबद्दल आहे, पण १८०२चं बडोदं त्याला अगदी चपखल बसतं. माझ्या मते वॉल्टपेक्षा डेव्हिड इथे जास्त समजावून सांगतात.

ग्लेन स्नायडर यांचा १९८४चा लेख मात्र कुणीही चुकवू नये. मित्र ऐनवेळी सोडून जाईल ही एक भीती, आणि मित्राच्या भांडणात आपण ओढले जाऊ ही दुसरी. एक कमी करायला जावं तर दुसरी वाढते. हे समजून घ्यायला गंगाधरशास्त्री पटवर्धनांचं प्रकरण घ्या. गायकवाडांच्या वतीने पेशव्यांशी तंटे मिटवायला ते इंग्रजांच्या अभयावर पुण्याला गेले आणि जुलै १८१५मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. खुनाचा संशय पेशव्यांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर होता; इंग्रजांनी त्यांना मागितलं, प्रकरण चिघळत गेलं, आणि १८१७च्या पुण्याच्या तहात पेशव्यांना गायकवाडांवरच्या जुन्या दाव्यांवर पाणी सोडावं लागलं. एका माणसाला दिलेलं अभय मोडलं तर तैनाती फौज घेतलेल्या बाकीच्या संस्थानिकांनी आपल्यावर विश्वास का ठेवावा, हा हिशेब इंग्रजांपुढे होता असं मला वाटतं. आजच्या लेखनात ज्याला हमीची विश्वासार्हता म्हणतात, ती हीच. अर्थात त्या काळचा तह आणि आजच्या सार्वभौम देशांची युती एकाच मापाने मोजू नये; प्रबंधात हे स्वच्छ शब्दांत लिहावं लागतं, नाहीतर परीक्षक तिथेच पकडतो.

प्रादेशिक सहकार्याबद्दल थोडक्यात. सार्क ही दक्षिण आशियाई देशांची संघटना; तिची सनद ८ डिसेंबर १९८५ला ढाक्यात झाली. दहाव्या कलमात दोन गोष्टी आहेत: निर्णय एकमताने, आणि द्विपक्षीय व वादग्रस्त विषय चर्चेतून वगळलेले. सार्क का अडकला याचं सगळं खापर भारत-पाकिस्तानवर फोडण्याआधी हे कलम वाचा. २०१४च्या काठमांडू शिखर परिषदेत एकमेकांच्या देशांत वाहनं ये-जा करू देणारा मोटार वाहन करार एका देशाच्या हरकतीवर थांबला. मग बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ या चौघांनी जून २०१५मध्ये थिंपूत वेगळा करार केला, पण पुढे भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने त्याला मान्यता दिली नाही. म्हणजे गट लहान केला की अडचण संपते असंही नाही. २०१४नंतर सार्कची शिखर परिषद झालेली नाही. बिमस्टेक हा बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचा गट १९९७पासून आहे, पण त्याची सनद लागू व्हायला मे २०२४ उजाडला. आग्नेय आशियातल्या देशांच्या आसियानशी तुलना करायची असेल तर तिथेही निर्णय सहमतीनेच होतात, हे विसरू नका. मग फरक कशाने पडला, हा खरा प्रश्न.

आणखी एक गोंधळ सुरुवातीलाच मिटवावा. सामूहिक सुरक्षा आणि सामूहिक संरक्षण या वेगळ्या गोष्टी. पहिलीत सगळे मिळून गटातल्याच नियम मोडणाऱ्याला आवरतात. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं सातवं प्रकरण त्यासाठी आहे. दुसरीत काही देश बाहेरच्या हल्ल्याविरुद्ध एक होतात आणि त्याच सनदेतल्या, स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करणाऱ्या ५१व्या कलमाचा आधार घेतात. प्रादेशिक संघटनांसाठी आठवं प्रकरण. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो.

साधनं आता घरबसल्या मिळतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भारताचे करार शोधता येतात. संयुक्त राष्ट्रांकडे नोंदलेले करार त्यांच्या संग्रहात आहेत. आकड्यांची आवड असेल तर एटीओपी नावाचा संच पाहा. १८१५पासूनच्या युतींची कलमं त्यात संरक्षण, आक्रमण, तटस्थता, अनाक्रमण आणि सल्लामसलत अशी वर्गवारी करून मांडली आहेत. संस्थानांचे तह इंग्रज अधिकारी एचिसनने जमवलेल्या तहांच्या संग्रहात सापडतील. मोडी येत असेल तर बडोद्याच्या दफ्तरातल्या कागदांचं दार उघडतं. दिल्लीतल्या मुलांना हे सहजी मिळणार नाही, म्हणून मोडी शिकून घ्याच.

इंग्रजीची भीती बाळगू नका, पण तिला टाळूही नका. मराठी किंवा गुजराती माध्यमातून आलेल्यांनी एक लेख पूर्ण वाचून त्याचा युक्तिवाद मराठीत दहा ओळींत लिहावा. विचार आपल्या भाषेत पक्का झाला की इंग्रजीत मांडायला फक्त मेहनत लागते.

नोकरीचं खरं सांगते: थेट या विषयाच्या जागा थोड्या आहेत. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेला राज्यशास्त्र घ्यायचं की संरक्षण व सामरिक अभ्यास, हे एम.ए.च्या पहिल्याच वर्षी ठरवा, कारण अभ्यासक्रम वेगळे आहेत. पुढे शिकायला जेएनयू, सार्कनेच उभं केलेलं दिल्लीतलं साउथ एशियन युनिव्हर्सिटी, पुणे विद्यापीठाचा संरक्षणशास्त्राचा विभाग, आणि आता डभोई तालुक्यात आलेलं गुजरात केंद्रीय विद्यापीठ. प्राध्यापकी, संशोधन संस्था, पत्रकारिता, स्पर्धा परीक्षा, हे ठरलेले रस्ते. कंपन्याही हल्ली जगातल्या घडामोडींचा धोका जोखणारी माणसं ठेवतात. तिथे करार बारकाईने वाचता येणं नुसत्या मतांपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, लिहिताना 'भारताचं शेजारी धोरण' असा आभाळाएवढा विषय घेऊ नका. गाईड तो परत करतील. एक कलम, एक काळ, दोन देश. भूतानच्या सभागृहाने मोटार वाहन करार का नाकारला, हा एक पूर्ण विषय आहे. इंग्रजांचं अभय गायकवाडांच्या दरबारात कुणाकुणाला मिळालं आणि त्याने दरबारातली ताकद कशी फिरली, हा दुसरा. दुसरा कुणी घेतला तर मोडी वाचायला मी बरोबर बसेन.